बाळंतपणाचं बिल कोणी भरलं?

रविवारी दुपारी जेवण उरकून जरा आडवी झाले होते तर बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरची ती, काखेत लॅपटॉप, हातात एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी, आणि मागे तिचा मुलगा. आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमध्ये मी फॉर्मवाली काकू आहे, बँकेतून रिटायर झाल्यापासून पासपोर्ट, व्हिसा, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले असलं सगळं माझ्याकडे येतं आणि फी म्हणून कुणी वाटीभर साखरांबा देतं, कुणी नुसतंच थँक्यू.

"काकू, अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरायचाय, डीएस १६०. पण एक विचारायचं होतं. ह्याचं सांगायचं की नाही?"

ह्याचं म्हणजे त्या पोराचं. पोरगा आठ वर्षांचा, आल्याआल्या आमच्या सोफ्यावर पालथा पडून फोनवर क्रिकेट बघायला लागलेला. त्याचा जन्म न्यू जर्सीचा. ही २०१७ मध्ये सातव्या महिन्यात भावाकडे गेली होती, दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा तिच्याकडे आधीपासून होता, लग्नानंतर दोघं खरंच फिरायला गेले होते तेव्हा काढलेला. नोव्हेंबरात बाळंत झाली, बाळाचा अमेरिकन पासपोर्ट आला, मग परत. आता तो व्हिसा संपून वर्षाच्या वर झालंय म्हणजे इंटरव्ह्यू चुकत नाही, आणि नवऱ्याचं म्हणणं काय तर झाकली मूठ सव्वा लाखाची, विचारलं तर म्हणायचं भावाकडे राहायला गेले होते, पुढचं काही बोलायचं नाही.

मी म्हटलं, अगं पण त्या पोराच्या पासपोर्टवर जन्मगाव छापलंय, तुझ्या आधीच्या ट्रिपची तारीख फॉर्ममध्ये विचारतात, किती दिवस राहिलीस तेही विचारतात, दोन तारखा शेजारी ठेवून वजाबाकी करायला व्हिसा ऑफिसर असायला लागत नाही, आमच्या बँकेतला शिपाईसुद्धा करेल. मग मूठ झाकली कुठे?

या विषयावर लिहीन लिहीन म्हणून बरेच दिवस राहिलं होतं, कारण दर दोन-तीन महिन्यांनी हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने माझ्या दारात येतो. मला जे दिसतं ते असं की परदेशात टुरिस्ट म्हणून बाळंतपण झालं एवढ्यावरून पुढचा व्हिसा सहसा अडत नाही, अडतो तो आपण तेव्हा काय बोललो, आता काय बोलतोय आणि बिल कुणी भरलं यावरून. आणि आपले लोक बरोबर उलट वागतात, जे लपवण्यासारखं नाही ते लपवतात आणि ज्या पावत्या जिवापाड जपायच्या त्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देतात. पण सगळा दोष आपल्याच लोकांच्या पदरात घालायलाही मी तयार नाही, नियम करणाऱ्यांनी खरं बोलणं महाग करून ठेवलंय हेही खरंच आहे.

आधी नियमाचं बघू. अमेरिकेच्या जमिनीवर जन्मला तो अमेरिकन, ही १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, आणि १८९८ मध्ये वाँग किम आर्क नावाच्या चिनी आईबापांच्या मुलाच्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं. टुरिस्ट व्हिसावर येऊन बाळंत होऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं गेलं २४ जानेवारी २०२० ला. त्या दिवसापासून बी टू, म्हणजे टुरिस्ट व्हिसाच्या 'फिरण्या'त मुलाला नागरिकत्व मिळवून देण्यासाठीचा प्रवास बसत नाही, आणि अर्जदार बाई तिथे मुक्कामात असताना बाळंत होणार असं ऑफिसरला वाटलं तर तिचा मुख्य हेतू तोच आहे असं तो धरून चालतो, तसं नाही हे सिद्ध करायचं काम बाईचं. खरंच उपचारासाठी जायचं असेल तर तिथल्या डॉक्टरची तयारी आणि पैशाची सोय दाखवायची. डिसेंबर २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने हेच पुन्हा जाहीरपणे सांगितलं की असा हेतू दिसला तर टुरिस्ट व्हिसा नाकारणार. ते वाचून इथे लोकांना वाटलं काहीतरी नवीन कायदा आला, बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं होतं, पण नियम सहा वर्षांचा जुना आहे.

आता हिची गोष्ट २०१७ ची, म्हणजे नियमाच्या आधीची. व्हिसा काढला तेव्हा ती गरोदर नव्हती, फिरायला जातोय म्हणाली ते खरं होतं. एअरपोर्टवर ऑफिसरने कशाला आलात विचारलं, ही म्हणाली भावाला भेटायला, तेही खोटं नाही, अर्धं आहे. घेरदार अनारकली घातला होता हे तिने स्वतःच मला सांगितलं आणि सांगताना हसलीही जराशी. चोराच्या मनात चांदणं ते हेच, कुणी काही विचारलं नव्हतं तरी. कायद्याच्या भाषेत बघायला गेलं तर नुसतं गप्प बसणं, आपणहून न सांगणं, याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, हे त्यांच्या व्हिसा ऑफिसरांच्या मॅन्युअलमध्येच आहे. विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं आणि ते उत्तर निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचं असलं, तर मात्र खेळ संपला. त्याला कायमची बंदी आहे, पाच वर्षं दहा वर्षं असं काही नाही, जन्मभराची. त्यातून सूट मागता येते पण ती दरवेळी मागावी लागते आणि देणं न देणं त्यांच्या हातात. म्हणजे २०१७ ला तिने जे केलं त्यात बंदी घालण्यासारखं मला काही दिसत नाही, पण आता खिडकीवर उभं राहून "बाळंतपण? नाही, तिकडे नाही झालं" असं म्हणाली तर त्या एका वाक्याने ती स्वतःचा दरवाजा स्वतःच लावून घेईल. नवरा बायकोला जो सल्ला देतोय तो हा आहे, आणि तो तिला वाचवण्यासाठी देतोय हे त्यातलं वाईट.

२०१९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात बर्थ टुरिझमचे धंदे चालवणाऱ्यांवर सरकारने खटले भरले होते, चिनी बायकांना आणून अपार्टमेंटमध्ये ठेवायचे, हजारो डॉलर घ्यायचे. तिथेही गुन्हा कशाचा लागला बघा, व्हिसा फ्रॉडचा वगैरे. मुलं जन्मली म्हणून कुणावर खटला नव्हता. बायकांना शिकवलं जायचं की इंटरव्ह्यूत काय सांगायचं, पोट दिसणार नाही असे सैल कपडे घालायचे, आधी हवाईला उतरायचं कारण तिथे कमी विचारतात. आमची ही अनारकली आठवून मला कसंतरीच झालं, धंदेवाल्यांनी पैसे घेऊन जे शिकवलं ते आपल्याकडे जाऊबाई फुकट शिकवते.

पैशाची गोष्ट जास्त नाजूक आहे आणि त्यात लोक खरे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा आणि सून, तेव्हा ते मुंबईत नव्हते, दुसऱ्या शहरात नोकरीला होते. सून दिराकडे गेलेली, तीही अशीच सात-आठ वर्षांपूर्वी. इथून घेतलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स होता, पण त्यात बाळंतपण नसतं, बहुतेक पॉलिसींमध्ये ते बारीक अक्षरात वगळलेलं असतं आणि बारीक अक्षर आपण वाचतो कधी तर क्लेम नाकारल्यावर. हॉस्पिटलात ऍडमिट झाली, कळा चालू, आणि एक बाई फाइल घेऊन आली, खूप गोड बोलणारी. तुम्हाला इन्शुरन्स नाही का, काळजी करू नका, हा फॉर्म भरा, सही करा, तुम्हाला काही भरावं लागणार नाही. कळा येत असताना कुठली बाई म्हणेल की थांबा हं, मी आधी वाचते? सही केली. फॉर्मवर पत्ता दिराचा, उत्पन्न शून्य. ते होतं इमर्जन्सी मेडिकेड, म्हणजे गरिबांच्या उपचारासाठी तिथल्या सरकारच्या पैशातून चालणारी योजना. डिलिव्हरी फुकटात झाली, घरी आल्यावर सगळ्यांना कौतुक, बघा अमेरिकेत माणसाची किती किंमत आहे, पैसेसुद्धा घेतले नाहीत. मीही तेव्हा मान डोलावली होती, खोटं कशाला बोलू.

काही वर्षांनी व्हिसा रिन्यू करायला गेले. ऑफिसरने विचारलं, मूल कुठे जन्मलं. खरं सांगितलं. बिल कुणी भरलं? हा म्हणाला, इन्शुरन्सने. त्याला खरंच तसं वाटत होतं, मेडिकेड हा इन्शुरन्सच ना, नावातच मेडि आहे. ऑफिसरने स्क्रीनकडे बघितलं, मग विचारलं, कोणत्या कंपनीचा? इथे तो अडकला. आणि विचार करा ऑफिसरच्या समोर काय होतं, इकडे अर्जात याचा लाखांतला पगार, व्हिसा घेताना दाखवलेली ऐपत, आणि तिकडे उत्पन्न शून्य लिहून सरकारी पैशाने झालेलं बाळंतपण. दोन्हींतलं एक खोटं. हातात २१४ बी चा, म्हणजे व्हिसा नाकारल्याचा कागद आला. नशीब म्हणायचं की खोटेपणाचं कलम नाही लावलं. या २१४ बी ला अपील नाही, कोर्ट नाही, वरचा साहेब नाही, पुन्हा फी भरायची, पुन्हा अर्ज करायचा, आणि पुन्हा त्याच प्रश्नाला सामोरं जायचं. फी माणशी १८५ डॉलर, नाकारलं तरी परत मिळत नाही.

आता यात ऑफिसर चुकला का? माझ्या बहिणीला वाटतं चुकला, आमच्या पोराने काय चोरी केली का. मला तसं वाटत नाही. अठ्ठावीस वर्षं बँकेत कर्जाचे कागद तपासले मी, एखाद्याने मागचं कर्ज बुडवलं असेल तर पुढचं देताना मी विचारणारच, आणि बुडवलं नाही माफ झालं असं तो म्हणाला तर कुणी माफ केलं हेही विचारणार. गरिबाच्या ताटातलं आपण उचलून खाल्लं, माहीत नसताना का होईना, तर त्याचा हिशेब कधीतरी मागितला जाणार. चुकलं ते एवढंच की त्या दोघांनी परत आल्यावर एकदाही त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. नंतर वाचलं, तिकडच्या ऑफिसला पत्रं लिहिली, खर्च किती झाला ते काढायला सांगितलं, आता हप्त्याने फेडतायत. पुन्हा अर्ज अजून केलेला नाही, पूर्ण फिटल्याचं पत्र हातात आल्यावर करू म्हणतात.

आणि हे फक्त अमेरिकेचं आहे असं समजू नका. इंग्लंडात १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळतच नाही, म्हणजे तिथे बाळंत होऊन पासपोर्टचा फायदा शून्य. तरीसुद्धा तिथल्या सरकारी हॉस्पिटलचं, एनएचएसचं, ५०० पौंडांच्या वर बिल थकलेलं असलं तर पुढचा व्हिसा त्या कारणाने नाकारता येतो. बाळंतीण दारात आली तर ते हाकलत नाहीत, आधी पैसे ठेवा म्हणत नाहीत, पण बिल मात्र लावतात आणि टुरिस्टला चढ्या दराने लावतात. मुंबईतून दिराकडे गेलेली सून, सातव्या महिन्यात अचानक कळा आल्या, बाळ काचेच्या पेटीत महिनाभर, असं होऊ शकतं की कुणाच्याही घरात. त्यात हेतूबितू काही नसतो. पण बिल असतं. कॅनडात अजूनही जन्माने नागरिकत्व मिळतं, तिथे अर्जात खोटं सापडलं तर पाच वर्षं बंदी. शिवाय या देशांच्या फॉर्ममध्ये सर्रास प्रश्न असतो की दुसऱ्या कुठल्या देशाने कधी व्हिसा नाकारलाय का, आणि अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाचजण आपसात माहिती वाटून घेतात. एका खिडकीवर मारलेली थाप दुसऱ्या खिडकीवर आधीच पोचलेली असते.

इथपर्यंत मी सरकारी वकिलासारखी बोलले. आता दुसरी बाजू, कारण २०२० च्या नियमाबद्दल मला राग आहे तोही सांगायला पाहिजे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आता माहेरच जर अमेरिकेत असेल तर? आईवडील मुलाकडे ग्रीन कार्डावर गेलेत, लेक इथे डोंबिवलीत एकटी, नवरा सकाळी ७:४० ची फास्ट पकडतो आणि रात्री नऊला येतो, सासू नाही. तिला आईच्या हातचा डिंकाचा लाडू आणि अळिवाची खीर आणि पाठीला कुणीतरी तेल लावायला पाहिजे आहे. पैसे भरायची तयारी आहे, तिकडच्या डॉक्टरला भरते म्हणते. ही बाई खिडकीवर जाऊन खरं बोलली तर नियम धरून चालतो की तिला पासपोर्टच पाहिजे. सिद्ध कसं करायचं तिने? आईची माया फाइलला कशी लावायची? डिंकाचे लाडू न्यायचे का बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये? मग ती काय करते, दुसऱ्या महिन्यात अर्ज करते, फिरायला जातोय म्हणते. नियमाने एका प्रामाणिक बाईला खोटं बोलायला शिकवलं, आणि मग त्या खोट्याची शिक्षा दहा वर्षांनी तिच्याच पदरात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच.

वर गंमत अशी की हा नियम व्हिसा लागणाऱ्यांनाच. जपान, इंग्लंड, फ्रान्सच्या बाईला टुरिस्ट व्हिसाच लागत नाही, ती ऑनलाइन परवानगी काढून विमानात बसते, तिच्यावर हा नियम नाही. म्हणजे पोट तेच, हेतूही कदाचित तोच, पण संशय पासपोर्टचा रंग बघून.

माझ्या मते करायचं असेल तर सरळ पैशाचं करा. हॉस्पिटलकडून अंदाजे खर्चाचं पत्र मागा, डिपॉझिट भरल्याची पावती मागा, सरकारी योजना घेणार नाही असं लिहून घ्या, परतीचं काय ते विचारा, आणि मग सोडा की. मनातला हेतू ओळखायचा प्रयत्न केला की ऑफिसरचा ज्योतिषी होतो. आणि पुढच्या अर्जाच्या वेळी नक्की काय तपासणार, कोणती कागदपत्रं ठेवायची, हे साध्या भाषेत वेबसाइटवर लिहा, मराठीत हिंदीत लिहा. आज हे ज्ञान नणंदेकडून जाऊबाईकडे आणि एजंटकडून व्हॉट्सऍपवर असंच फिरतंय, आणि फिरताना दर वळणावर थोडं खोटं होत जातंय.

मात्र "जन्माने नागरिकत्व हा हक्क आहे, अमेरिका दुष्ट झाली" अशी ओरड करणाऱ्यांची मला गंमत वाटते. आपण काय केलं? १९८७ च्या जुलैपर्यंत भारतात जन्मलेलं जवळपास प्रत्येक मूल भारतीय होतं. त्यानंतर आईबापांपैकी एकजण भारतीय पाहिजे असं ठरलं, आणि डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसला पाहिजे हेही जोडलं. आसामचा प्रश्न होता, कारणं होती, पण दार आपणही लावलंच. ऑस्ट्रेलियाने १९८६ ला लावलं, आयर्लंडने २००४ ला जनमत घेऊन लावलं. हाँगकाँगमध्ये चीनमधून बाळंतपणाला येणाऱ्या बायकांची इतकी गर्दी झाली की २०१३ पासून, ज्यांचा नवरा हाँगकाँगचा नाही अशांचं बुकिंग घेणंच हॉस्पिटलांनी बंद केलं. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला सही केलेला हुकूम, म्हणजे आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर बाळ नागरिक नाही, तो कोर्टांनी रोखला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तो हुकूम लागू व्हायची तारीख होती फेब्रुवारीतली, तेव्हा बातम्या आल्या होत्या की तिकडची भारतीय जोडपी तारखेच्या आत सिझेरियन करता येईल का म्हणून डॉक्टरांना विचारतायत. आठव्या महिन्यातलं बाळ बाहेर काढायचं, कशासाठी, तर निळ्या पुस्तकासाठी, अमेरिकन पासपोर्टसाठी. वाचून मी पेपर बाजूला ठेवला होता.

त्या निळ्या पुस्तकाबद्दल एकदा बोलायलाच पाहिजे, कारण सगळी धडपड "पोराचं कल्याण" या नावाखाली चालते. त्या पोराच्या जोरावर आईबापांना ग्रीन कार्ड मिळेल असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅलेंडर काढावं, मूल २१ वर्षांचं झाल्यावर तो अर्ज करू शकतो, त्याआधी त्याचा तुम्हाला व्हिसासाठी काडीचा उपयोग नाही. सुट्टीत डिस्नेलँडला जायचं झालं तर पोरगा रुबाबात जाईल, आईबापांनी रांग लावायची. इकडे भारतात तो परदेशी. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, मग ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, त्यावर मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांची राजापूरची कलमं वारसाने मिळतील, पण शेजारचा तुकडा घ्यायचा म्हटलं तर नाही. आणि पार्ल्या-ठाण्यातल्या आईबापांना जो धक्का बसतो तो नीटचा, मार्च २०२१ च्या केंद्राच्या नोटिफिकेशनपासून ओसीआय मुलांना मेडिकल आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेशात फक्त एनआरआय किंवा जादाच्या सीट. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये त्या तारखेच्या आधी कार्ड मिळालेल्यांना जुनी सवलत ठेवली, आमच्या या पोराचं कार्ड २०१८ चं म्हणून तो वाचला. नंतरच्यांचं काय, एनआरआय सीटची फी ऐकलीय का? बारा वर्षं इथल्या शाळेत घालवून, मराठीत निबंध लिहून, आयत्या वेळी मुलगा परदेशी ठरतो. शिवाय अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही कमावत असला तरी टॅक्स रिटर्न मागते, अंधेरीत नोकरी केली तरी. हे सगळं ज्याला पाहिजे त्याने घ्यावं, माझं काही म्हणणं नाही, पण ही भेट आहे असं म्हणताना जरा किमतीची चिठ्ठी उलटून बघावी.

यात आज्यांची पण एक गोष्ट आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या लेकीच्या बाळंतपणाला इथून आई जाते, पार्ल्यात दर दुसऱ्या घरात हे झालंय. लेक तिकडे कामाच्या व्हिसावर, तिचा इन्शुरन्स तिच्या कंपनीचा, २०२० च्या नियमाशी आजीचा काडीचा संबंध नाही. तरी या आज्या घाबरतात. मागच्या वर्षी आमच्या तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मी सांगणार आहे नायगारा बघायला जातेय." गुडघे दुखतात म्हणून या बाई पार्ला स्टेशनचा जिना चढत नाहीत. मी म्हटलं, आजी, हात दाखवून अवलक्षण करू नका, लेकीचं बाळंतपण आहे म्हणून जातेय, चार महिन्यांनी परत, एवढंच सांगा. बीकेसीत मी सोबत गेले होते, आत सोडत नाहीत, बाहेर त्यांचा फोन सांभाळत उभी. पाऊण तासाने आल्या. त्याने तारीख विचारली, लेकीचा खर्च कोण करतं विचारलं, यांनी सांगितलं तिच्या कंपनीचा इन्शुरन्स आहे, संपलं. "एवढंच विचारलं गं, मी नायगाराची माहिती पाठ केली होती."

तर रविवारी परत येऊ. पिशवीतले कागद आम्ही डायनिंग टेबलवर पसरले. या बाबतीत बाई हुशार, सगळं ठेवलेलं. तिकडची बिलं एकत्र येत नाहीत हे मला नंतर कळलं, हॉस्पिटलचं वेगळं, बाळंतपण केलेल्या डॉक्टरणीचं वेगळं, बाळाच्या डॉक्टरचं वेगळं, लॅबचं वेगळं. एकेक बिल, त्याला टाचलेली कार्डाची पावती, मी बँकेतल्यासारखी टिक करत गेले, तारीख, रक्कम, भरलं. सगळे पैसे नवऱ्याच्या बोनसमधून आणि तिच्या वडिलांनी दिलेल्या एफडीतून गेलेले, कार्डाच्या स्टेटमेंटसकट. मी म्हटलं, एवढे कागद असताना तू लपवत काय होतीस? हे तर तू होऊन दाखवावंस असं आहे.

मग ती थांबली. "काकू, पाठीत इंजेक्शन दिलं होतं ना, एपिड्युरल. त्या डॉक्टरचं बिल यात दिसत नाहीये."

पुन्हा सगळी पिशवी उलटी केली. नव्हतं. भावाने नंतर घर बदललं होतं, जुन्या पत्त्यावर गेलं असणार. घड्याळात साडेपाच वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे आठ, रविवार. तिने फोन लावला, बराच वेळ वाजला, मग झोपेतला आवाज.

"दादा, ऐक ना, माझ्या डिलिव्हरीच्या वेळचं एक बिल राहिलंय बहुतेक. हो आत्ताच. नाही रे, कुणी मागितलं नाही. आपणच त्या हॉस्पिटलला फोन करून विचार, भूल देणाऱ्या डॉक्टरचं ऑफिस कोणतं होतं ते."

पोरगा सोफ्यावरून ओरडला, विकेट गेली. मी फॉर्ममध्ये मुक्कामाच्या रकान्यात पाच महिने टाकलं आणि सेव्ह केलं, सबमिट नाही. तो फोन येईपर्यंत सबमिट करायचं नाही असं ठरलंय.